इंग्रजी साहित्य शिकताय, खान्देशात राहताय? वर्षभरात काय करता येईल याचा सविस्तर आराखडा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या एम.ए. इंग्रजीच्या मुलामुलींचा एक ठाम समज असतो. साहित्यातलं जे काही घडतं ते मुंबई-पुण्यात घडतं, फार तर जयपूरच्या साहित्य महोत्सवात. आपल्या वाट्याला येतं ते गाइड, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका आणि सेमिस्टर. दुसरा समज याहून घातक आहे: इथे जे काही साहित्याचं होतं ते मराठीवाल्यांचं, त्यात आपलं काय काम?

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही त्याच गावात झालं. म्हणजे राज्यभरातले लेखक, प्रकाशक आणि अनुवादक आपल्या दाराशी आले होते. इंग्रजी विभागांनी मात्र तो आठवडा बहुतेक ठिकाणी नेहमीच्या तासिकांत घालवला. ज्ञानपीठ मिळालेले भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे आणि आयुष्यभर इंग्रजी शिकवणारे. एवढं उदाहरण घरचं असताना इंग्रजी आणि मराठीत कुंपण घालण्याचं कारण मला कळत नाही.

खान्देशातल्या इंग्रजीच्या विद्यार्थ्याकडे घरची अहिराणी, लेवा गणबोली, भिली किंवा पावरी असते, शाळेची मराठी असते आणि वर्गातली इंग्रजी असते. मुंबईच्या कॉन्व्हेंटमधल्या मुलाकडे यातलं पहिलं नसतं. या लेखातला क्रम त्या हिशोबानेच लावला आहे: आधी कॉलेज आणि विद्यापीठ, मग अनुवाद, मग बाहेर पाठवणं, आणि प्रवास त्यानंतर. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. जयपूरला जाऊन फोटो काढून येतात आणि विभागाच्या भित्तिपत्रिकेत एक ओळ लिहीत नाहीत.

पहिली पायरी: वर्ष कागदावर मांडा

जूनमध्ये प्रवेश झाला की एक वही घ्या आणि बारा पानांवर बारा महिने लिहा. आधी पक्क्या तारखा टाका. १३ ऑगस्ट हा धरणगावात जन्मलेल्या बालकवींचा जन्मदिवस, २४ ऑगस्ट बहिणाबाईंचा. ३० सप्टेंबर आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, २४ डिसेंबर साने गुरुजींची जयंती, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन. या दिवशी कॉलेजांना काहीतरी कार्यक्रम करायचाच असतो आणि बऱ्याचदा विभागाकडे कल्पना नसते. पंधरा दिवस आधी एका कागदावर कार्यक्रमाची आखणी लिहून मॅडमकडे गेलात तर नाही म्हणणारं माणूस क्वचित भेटतं.

मग बदलत्या तारखांसाठी जागा ठेवा: युवक महोत्सव, आविष्कार हे संशोधन संमेलन, प्राध्यापकपदाच्या पात्रतेची नेट परीक्षा (जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा), तशीच राज्याची सेट परीक्षा, विद्यापीठाच्या परीक्षा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची परिपत्रकं संकेतस्थळावर येतात. कॉलेजात ती प्राचार्यांच्या टेबलावरून विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे जातात आणि पुष्कळदा तिथल्या फाइलमध्ये विसावतात. म्हणून दर सोमवारी संकेतस्थळ स्वतः बघायचं आणि कार्यालयातल्या क्लार्ककाकांशी ओळख ठेवायची. मला तरी दुसऱ्या उपायाचा अनुभव जास्त चांगला आहे.

वाचनालयाचं सभासदत्वही याच महिन्यात घ्या. जळगावचं वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय, अमळनेरचं साने गुरुजी ग्रंथालय, धुळ्याचं गरुड वाचनालय. कार्यक्रमांचे फलक इथे लागतात, आणि गावातला लिहिता-वाचता माणूस कधी ना कधी इथेच भेटतो. धुळ्यात असाल तर राजवाडे संशोधन मंडळात एकदा तरी जाऊन या. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ साली उभी राहिलेली ही संस्था जुनी कागदपत्रं कशी जपतात ते डोळ्यांनी दाखवते. 'संशोधन पद्धती' हा पेपर त्यानंतर जरा बरा कळतो.

दुसरी पायरी: विद्यापीठाच्या आतल्या दोन संधी

आपल्या विद्यापीठाचा युवक महोत्सव 'युवारंग' म्हणून ओळखला जातो. मुलांचं लक्ष नृत्य आणि नाटकाकडे असतं, साहित्य विभाग ओस असतो. तिथे वक्तृत्व, वादविवाद आणि प्रश्नमंजूषा हे मुख्य प्रकार. पुढे राज्यपातळीवर 'इंद्रधनुष्य' असतो, आणि त्याहून पुढे भारतीय विद्यापीठ संघाचे विभागीय व राष्ट्रीय महोत्सव. विद्यापीठ संघाच्या महोत्सवांपर्यंत गेलात की मराठी चालत नाही, हिंदी किंवा इंग्रजी लागते. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला हा आयता फायदा आहे आणि तो घ्यायला फारसं कुणी येत नाही.

वक्तृत्वाला साधारण पाच मिनिटं मिळतात. इंग्रजीत सावकाश, नीट बोललं तर तेवढ्या वेळात साडेपाचशे ते सहाशे शब्द होतात, त्यामुळे लेखी मसुदा त्यापुढे जाऊ देऊ नका. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांना आरडाओरड्याची सवय लागली आहे. टेबलावर मूठ आपटून सुरुवात आणि शेवटी शेर. इंग्रजीत हे फार विचित्र दिसतं. एक मुद्दा, त्याला आपल्या तालुक्यातलं एक खरं उदाहरण आणि त्यावरचा एक आक्षेप स्वतःच घेऊन दिलेलं उत्तर, एवढं पुरतं. वादविवादात जोडीदार निवडताना चांगला बोलणारा शोधू नका, चांगला ऐकणारा शोधा. समोरच्याचा मुद्दा टिपून घेणारा माणूस प्रत्युत्तराच्या वेळी कामी येतो.

दुसरी संधी 'आविष्कार'. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचं हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन २००६ पासून चालू आहे. अभियांत्रिकीवाल्यांचं समजून भाषेची मुलं तिकडे फिरकत नाहीत, पण त्यात मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला असा स्वतंत्र गट आहे आणि पदवी, पदव्युत्तर, संशोधक असे वेगवेगळे स्तर आहेत. भित्तिफलक आणि तोंडी सादरीकरण, दोन्ही करावं लागतं. परीक्षक बहुधा वेगवेगळ्या विषयांतले असतात, त्यामुळे 'अमुक कादंबरीतील स्त्रीवाद' असा विषय तिथे टिकत नाही. आपण गोळा केलेली माहिती हवी. जळगावच्या सराफ बाजारातल्या पाट्यांवरची इंग्रजी, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत आलेली मुलं इंग्रजी कविता कशी वाचतात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गाण्यांतली नवी-जुनी रूपं, असे विषय घ्या. पन्नास-साठ जणांची प्रश्नावली किंवा वीसेक गाण्यांचं ध्वनिमुद्रण एका महिन्यात होतं. फलकावर मजकूर कमी ठेवा. चार हात लांबून वाचता आला पाहिजे.

तिसरी पायरी: अनुवाद, आणि इथेच जास्त वेळ द्या

कानबाईची गाणी, आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गौराईची गाणी, गुलाबाईची गाणी, वहीगायन, सातपुड्यातल्या पावरा वस्त्यांवरच्या कथा. यातलं फार थोडं इंग्रजीत गेलं आहे. इंग्रजीत स्वतःची कविता लिहिणारे देशभर हजारो आहेत. अहिराणी किंवा पावरी घरात ऐकत वाढलेले आणि नीट इंग्रजी लिहिणारे फार थोडे. संपादकाच्या टेबलावर तुमचं पान वेगळं दिसायचं असेल तर ते इथूनच दिसेल.

छापील मजकुराने सुरुवात करा आणि आधी स्वामित्वहक्क तपासा. भारतात लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाला ती ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. बालकवी १९१८ साली गेले आणि साने गुरुजी १९५० साली, तेव्हा दोघांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन कधीच खुलं झालं. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपात आली, म्हणजे ती २०१३ पासून खुली आहेत. यांच्या अनुवादाला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र एखाद्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा किंवा दुसऱ्याने केलेला अनुवाद खुला नसतो, तो उचलू नका. हयात लेखकाचं काही करायचं असेल तर अनुवाद सुरू करण्याआधी पत्र लिहा. आपल्याकडचे लेखक विद्यार्थ्याला सहसा आनंदाने होकार देतात, पण तो लेखी घ्या. साधा ईमेलही चालतो. त्यात कुठल्या कविता, कुठे पाठवणार आणि मानधन मिळालं तर कसं वाटायचं हे तीन मुद्दे असू द्या.

मौखिक गाण्यांचं काम जास्त नाजूक आहे. आजीसमोर थेट मोबाइल धरला की आजी गप्प होते किंवा टीव्हीवर गातात तसं गायला लागते. पहिल्या भेटीत फक्त ऐका. दुसऱ्या भेटीत हे कशासाठी आहे ते सांगून परवानगी विचारा, आणि तीही ध्वनिमुद्रणातच नोंदवा. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, वय, गाणं कुणाकडून शिकली, कुठल्या प्रसंगी म्हणतात, हे त्याच दिवशी लिहून काढा. छापताना तिचं नाव द्यायचं की नाही हे तिलाच विचारा. द्यायचं ठरलं तर ते तुमच्या नावाइतक्याच ठळकपणे आलं पाहिजे. 'लोकगीत, अनुवाद अमुक तमुक' एवढंच छापणं मला चोरीसारखं वाटतं.

कामाची रीत साधी ठेवा. डावीकडे मूळ देवनागरीत, मधे शब्दशः ओबडधोबड इंग्रजी, उजवीकडे खरा मसुदा, असे तीन रकाने करा. ओबडधोबड रकाना खोडून टाकू नका, पुढे शंका आली की तिथेच परतावं लागतं. उजवा रकाना झाला की मूळ बाजूला ठेवून तो एखाद्या मराठी न येणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. भुसावळ रेल्वेचं गाव आहे, देशभरातली माणसं तिथे राहतात, असा ऐकणारा मिळायला अडचण नाही. तो जिथे अडतो तिथे खूण करा. नात्यांची, भाकरीची, शेतीच्या अवजारांची नावं कितीदा तशीच ठेवायची हा निर्णय प्रत्येक कवितेपुरता वेगळा असतो, पण तळटिपा वाढायला लागल्या तर समजा की मसुदा अजून कच्चा आहे.

वर्षभरात दहा-बारा चांगल्या पानांचा संच झाला तर पुष्कळ झालं. तोच संच प्रबंधिकेला, आविष्कारला, मासिकाला आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला चालतो.

चौथी पायरी: बाहेर पाठवणं

साहित्य अकादमीचं इंग्रजी द्वैमासिक 'इंडियन लिटरेचर' भारतीय भाषांतल्या साहित्याचे अनुवाद छापतं. ऑनलाइन नियतकालिकांत 'म्यूज इंडिया', 'आउट ऑफ प्रिंट' आणि 'द बॉम्बे लिटररी मॅगझिन' ही नावं डोळ्यांसमोर ठेवा. 'आउट ऑफ प्रिंट' कथांचं आहे, तिथे कविता पाठवून वेळ घालवू नका. कुठेही पाठवण्याआधी त्यांचे निदान दोन अंक वाचा.

सोबतचं पत्र चार ओळींचं पुरे: काय पाठवतोय, कुठल्या भाषेतून, हक्काची स्थिती काय, आणि तुम्ही कोण. 'मी आपल्या प्रतिष्ठित मासिकाचा नियमित वाचक असून' ही ओळ काढून टाका. एकच रचना एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवायला काहींची हरकत नसते, काहींची असते, ते नियमात वाचा. उत्तर यायला महिने लागतात, म्हणून काय, कुठे, कधी पाठवलं याचा तक्ता ठेवा. आणि फेसबुक, इन्स्टाग्रामवर टाकलेली कविता बरीच मासिकं 'आधीच प्रसिद्ध' धरतात. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर बक्षीस मिळत नाही, तेव्हा थोडा धीर धरा.

स्पर्धांपैकी कॉमनवेल्थ कथा स्पर्धा आपल्या आवाक्यातली आहे. वय १८ किंवा जास्त, प्रवेश शुल्क नाही, कथा अप्रकाशित आणि २ ते ५ हजार शब्दांची. दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत अनुवादित केलेली कथाही चालते. प्रवेशिका साधारण सप्टेंबरात सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात. आशिया, आफ्रिका असे पाच विभाग आहेत. विभागीय विजेत्याला २,५०० पौंड आणि एकूण विजेत्याला ५,००० पौंड मिळतात. स्पर्धा प्रचंड असते हे खरं, पण मुदत आणि शब्दमर्यादा असली की कथा पूर्ण होते, हाच पहिला लाभ. बंगळुरूच्या 'टोटो फंड्स द आर्ट्स' या संस्थेचे पुरस्कार तिशीच्या आतल्या लेखकांसाठी आहेत आणि त्यात इंग्रजी सर्जनशील लेखनाचा विभाग आहे.

कथा-कविता हा तुमचा प्रांत नसेल तर 'पीएम युवा' योजनेवर लक्ष ठेवा. नॅशनल बुक ट्रस्टतर्फे ती २०२१ पासून टप्प्याटप्प्याने जाहीर होते. ३० वर्षांखालच्या लेखकांकडून दिलेल्या विषयावरच्या पुस्तकाचा प्रस्ताव मागवतात, आणि निवड झालेल्यांना सहा महिने दरमहा ५० हजार रुपये व मार्गदर्शन मिळतं. मराठीत किंवा इंग्रजीत, दोन्हीकडून अर्ज करता येतो. स्थानिक इतिहासाचा विषय धरणाऱ्याला खान्देशात सामग्रीची वाण नाही. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकाच्या छापील पुस्तकासाठी असतो. तो आत्ताचा विचार नाही, नुसता माहीत असू द्या.

पाचवी पायरी: कुठे पैसे द्यायचे नाहीत

दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद'ची जाहिरात फिरते. नोंदणी भरा, शोधनिबंध पाठवा, प्रमाणपत्र आणि 'आयएसएसएन'सह प्रकाशनाची हमी. आयएसएसएन हा फक्त नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे, दर्जाशी त्याचा संबंध नाही. आठ दिवसांत स्वीकृती, आणि 'इम्पॅक्ट फॅक्टर' ठळक अक्षरांत, हे दिसलं की पाकीट खिशात ठेवा. 'यूजीसी-केअर मान्यताप्राप्त' अशी जाहिरात करणारे अजून आहेत, पण विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) विश्वासार्ह नियतकालिकांची ती 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केली. आता चौकशी स्वतःलाच करावी लागते. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर नोंद दिसते का, जुने अंक उघडतात का, हे पाहा. शंका असेल तर मार्गदर्शकांना विचारा, आणि मार्गदर्शकच अशा ठिकाणी छापत असतील तर ग्रंथपालांना.

कवितासंग्रहांचंही तेच. 'शंभर कवींचा संयुक्त संग्रह, प्रत्येकी इतके रुपये, सोबत मानचिन्ह'. त्यातले वाचक म्हणजे तेच शंभर कवी.

परिषदेला जायचंच असेल तर कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या विभागाने घेतलेल्या, जवळच्या एखाद्या परिषदेला आधी नुसते श्रोते म्हणून जा. प्रश्न विचारा. पुढच्या वर्षी निबंध वाचा. वाचन-सामग्रीसाठी पैसे खर्च करण्याआधी 'शोधगंगा'वरचे प्रबंध, 'ई-पीजी पाठशाला' आणि 'स्वयम्'वरचे अभ्यासक्रम बघा, तिन्ही ठिकाणी शिकायला पैसे पडत नाहीत.

सहावी पायरी: गाडी पकडा

जानेवारीच्या अखेरीस मुंबईत काळा घोडा कला महोत्सव सुरू होतो. प्रवेश मोफत असतो आणि साहित्याचा स्वतंत्र विभाग असतो. जळगाव-भुसावळहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी सीएसएमटीला उतरता, तिथून काळा घोडा पायी वीसेक मिनिटांवर, आणि रात्रीच्या गाडीने परत. मुक्कामाचा खर्च वाचतो. नंदुरबार-अमळनेरकडच्यांना सुरतमार्गे जाता येतं. डिसेंबरात पुण्याला फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो. तो २०२३ पासून सुरू झाला आहे. जयपूरचा महोत्सव मोठा, लांब आणि गर्दीचा. तिथे जाऊन आलेल्यांपैकी मला तरी भाषणापेक्षा गर्दीचंच वर्णन जास्त ऐकायला मिळतं.

जाण्याआधी दोनच सत्रं निवडा आणि त्या लेखकांचं काहीतरी वाचून जा. प्रश्न वहीत लिहून न्या, आणि तो प्रश्नच असू द्या, मत नको. प्रकाशकांच्या गाळ्यावर अनुवादांची यादी मागा. संपादन किंवा मुद्रितशोधनाचं काम शिकायला मिळेल का हे तिथेच विचारता येतं, कारण त्या दिवशी तिथे खरी माणसं उभी असतात. ईमेलला उत्तर न देणारा माणूस समोर आला की बोलतो.

सातवी पायरी: आपलाच कट्टा

गावात काही घडत नसेल तर घडवायला फार लागत नाही. महिन्यातून एक शनिवार, दुपारी दोन ते साडेतीन, एक वर्ग आणि वीस खुर्च्या. प्राचार्यांच्या नावे अर्ज करा, खाली विभागप्रमुखांची सही घ्या, आणि अर्जात वेळ, वर्ग व जबाबदार विद्यार्थी नीट लिहा. परवानगी अडते ती बहुधा 'वर्ग कोण बंद करणार' या प्रश्नावर. माइक नको, हार-नारळ नको, दीपप्रज्वलन तर मुळीच नको. आपल्याकडे सत्कार आटोपेपर्यंत श्रोत्यांची बस जाते.

प्रत्येकाने दोन पानं वाचायची, कुठल्याही भाषेतली. अहिराणी वाचणाऱ्याने सोबत इंग्रजी मसुदा आणायचा, इंग्रजी वाचणाऱ्याने त्याचा आशय घरच्या बोलीत सांगायचा. सुरुवातीला मुलं हसतील, कारण वर्गात अहिराणी ऐकायची त्यांना सवय नाही. तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर हसू थांबतं आणि मुलं कानबाईचं गाणं आणायला लागतात. मुली लवकर निघतात कारण शेवटची एसटी साडेचारला असते, तेव्हा त्यांचं वाचन आधी ठेवा. चहाचा खर्च वर्गणीतून भागतो. बाहेरचा पाहुणा तीन महिन्यांतून एकदा पुरे, तोही तालुक्यातलाच: वहीगायन करणारा, अनुवाद करणारा, वृत्तपत्रात काम करणारा. मानधन देता येत नसेल तर निमंत्रणातच तसं लिहा आणि प्रवासखर्च तरी हातात द्या.

उपस्थितीची वही ठेवा, कोणी काय वाचलं त्याची एक ओळ लिहा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी ही वही विभागाला लागतेच, आणि ती तुमच्या हातात असली की पुढच्या वर्षी वर्ग मागायला जावं लागत नाही. निघण्याआधी पुढच्या बैठकीची तारीख आणि दोन वाचकांची नावं फळ्यावर लिहून त्याचा फोटो ग्रुपवर टाका.